हडळ कोण होती?

आपल्याकडे भुतांना तोटा नाही. माळाच्या वाटेवर चकवा असतो. पिंपळावर मुंजा असतो. पडक्या वाड्यात समंध असतो. जुन्या विहिरीवर हडळ असते. ही नावे तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. मीही ऐकत आलो.

साक्षरतेच्या वर्गात एका आजींनी मला एकदा विचारले, "गुरुजी, आता मला चार अक्षरं वाचाया येत्यात. तर मला खरं सांगा. भूत असतं का नसतं? शास्त्र काय म्हनतं?"

वर्गातली काही मंडळी हसली. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. कारण या प्रश्नाच्या उत्तरावर कधी कधी माणसाचा जीव अवलंबून असतो. आजींना मी जे सांगितले, तेच या पाठात सांगतो.

भुतांची नावे नीट पाहा

मुंजा म्हणजे कोण? ज्याची मुंज झाली, पण जो संसाराला लागण्याआधीच मेला, असा मुलगा. समंध म्हणजे कोण? ज्याची इच्छा अपुरी राहिली, ज्याच्या मागे कोणी उरले नाही, असा पुरुष. आणि हडळ म्हणजे कोण? जी बाळंतपणात मेली ती बाई. काही भागांत तिला अळवंत असेही म्हणतात.

काय दिसते? म्हातारपणी, नातवंडे पाहून, सुखाने गेलेल्या माणसाचे भूत सहसा होत नाही. जे अकाली गेले, त्यांचेच भूत झाले असे लोक म्हणतात. म्हणजे ही नुसती भुतांची नावे नव्हेत. आपल्या गावात वेळेआधी कोण कोण मरत होते, ते या नावांवरून कळते. तापाने मरणारी मुले. बाळंतपणात मरणाऱ्या बाया. मागे राहिलेल्यांना त्यांचा विसर पडत नसे. दुःख होते, भीती होती, आणि आपण त्यांना वाचवू शकलो नाही ही टोचणीही होती. त्यातूनच या कथा आल्या असाव्यात असे मला वाटते.

आता हडळीचीच गोष्ट घेऊ. कारण ती मी जवळून पाहिली आहे.

मी पाहिलेली गोष्ट

१९८४ साल. मी तेव्हा तरुण होतो. एका लहान गावात शाळामास्तर होतो. शाळेच्या मागच्या घरात एक सून बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतपण घरातच झाले. नाळ घरातल्याच विळ्याने कापली.

तिसऱ्या दिवशी बाईला ताप भरला. चौथ्या दिवशी ती बरळू लागली. नवऱ्याला ओळखीना. पोरीला जवळ घेईना. "ती बघा, ती दारात उभी हाय," असे म्हणून ओरडू लागली.

त्या घरातली थोरली सून दोन वर्षांपूर्वी बाळंतपणातच मेली होती. मग काय? घरातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "थोरलीच आली. हडळ झाली न् धाकटीला धरली."

देवऋषी आला. त्याने दारे लावली. मिरच्यांची धुरी दिली. वेताच्या छडीने बाईला मारले आणि विचारले, "बोल, कोण हायेस तू?" मार चुकवायला ती बिचारी म्हणाली, "थोरली हाय, थोरली हाय." लोक म्हणाले, "पाहा, भूत बोलले."

मी दाराशी उभा होतो. सरकारी दवाखाना सहा मैलांवर होता. त्या घराची बैलगाडी अंगणातच उभी होती. बैल गोठ्यात होते. मला सगळे दिसत होते. पण मी बोललो नाही. मनात म्हटले, मी परगावचा, वयाने लहान. उद्या लोक पोरे शाळेत पाठवायची नाहीत. घरच्यांच्या भानगडीत कशाला पडा?

सहाव्या दिवशी ती बाई गेली.

आठ दिवसांनी पाणवठ्यावर बाया बोलत होत्या. त्या म्हणाल्या, "आता हिरीवर दोन हडळी झाल्या."

वाचकहो, ते वाक्य मी आजवर विसरलो नाही. त्या बाईला ताप कशाने आला, ती का बरळत होती, याचे उत्तर जगाला तेव्हा शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत होते. ते उत्तर कसे सापडले ते आता ऐका. भूत आणि शास्त्र यांचा संबंध त्यातून नीट समजेल.

घंटा, पाद्री आणि डॉक्टर

युरोपात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे. व्हिएन्ना ही त्याची राजधानी. तिथल्या मोठ्या इस्पितळात १८४६ साली सेमेलवाइस नावाचे एक तरुण डॉक्टर कामाला लागले.

त्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर आणि शिकाऊ विद्यार्थी बाळंतपणे करीत. दुसऱ्या विभागात सुईणी करीत. पहिल्या विभागात बाळंतिणी तापाने फार मरत. १८४६ साली तिथे शंभर बाळंतिणींमागे सुमारे अकरा दगावल्या. सुईणींच्या विभागात मात्र त्याहून पुष्कळ कमी. गरीब बाया रडत, पाया पडत, "आम्हाला पहिल्या विभागात टाकू नका," म्हणून विनवीत.

लोक नाना कारणे सांगत. कोणी म्हणत, हवा वाईट आहे. कोणी म्हणत, बाया घाबरून मरतात. कारण पहिल्या विभागात कोणी मरणाला टेकले, की पाद्री येई. त्याच्यापुढे एक माणूस घंटा वाजवीत चाले. ती घंटा ऐकून बाकीच्या बायांच्या काळजात धस्स होई.

आता सेमेलवाइस यांनी काय केले पाहा. त्यांनी वाद घातला नाही. कोणाला हसलेही नाहीत. त्यांनी पाद्रीबाबांना विनंती केली, की घंटा वाजवू नका आणि दुसऱ्या वाटेने या. तसे झाले. बायांचे मरण कमी झाले का? नाही. तेव्हा त्यांनी मनात धरले, घंटा हे कारण नव्हे. एक गोष्ट बाजूला पडली.

मग १८४७ साली एक दुःखाची घटना घडली. त्यांचे एक डॉक्टर मित्र प्रेत फाडून तपासण्याच्या कामात असताना त्यांच्या बोटाला चाकू लागला. त्यांना ताप आला आणि ते गेले. त्यांच्या आजाराची लक्षणे अगदी बाळंतिणींच्या तापासारखी होती! सेमेलवाइस यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या विभागातले डॉक्टर आणि विद्यार्थी प्रेते फाडून तसेच बाळंतिणीकडे येत. सुईणी प्रेतांना हात लावीत नसत. म्हणजे मरण हातांवरून येत होते!

त्यांनी नियम केला. बाळंतिणीला हात लावण्याआधी प्रत्येकाने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवायचे. हा चुना म्हणजे ब्लीचिंग पावडर. आपली ग्रामपंचायत पावसाळ्यात विहिरीत टाकते तीच. १८४८ साली त्या विभागात शंभरामागे दीडही बाई दगावली नाही. कुठे अकरा आणि कुठे दीड!

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुष्कळ डॉक्टरांना हे पटले नाही. "आमचे हात घाण, असे म्हणता काय?" असे त्यांना वाटले. सेमेलवाइस यांची ती नोकरीही पुढे टिकली नाही. शिकलेली माणसेसुद्धा हट्टी असतात. पण मोजून पाहिलेले खरे फार दिवस झाकून राहत नाही. १८७९ साली फ्रान्समधल्या पाश्चर यांनी या तापाचे जंतूच दाखवून दिले. डोळ्यांना न दिसणारे, पण सूक्ष्मदर्शक यंत्रातून दिसणारे.

आता आमच्या गावातली ती बाई आठवा. न धुतलेले हात. घरातला विळा. तिसऱ्या दिवशी ताप. तापाच्या भरात वात होतो आणि माणूस बरळतो. त्याला नसलेले दिसते. तिला दारात थोरली जाऊ दिसली, कारण ती मेल्याचे तिच्या मनात ताजे होते आणि आपणही तशाच मरू ही भीती होती. तिला हवी होती ती तापावरची औषधे आणि दवाखाना. तिला मिळाली छडी.

चकवा आणि छातीवरचे ओझे

एक शेतकरी दादा वर्गात म्हणाले, "गुरुजी, ते बाईचं समजलं. पन मला सोता चकव्यानं धरलं व्हतं. रातभर चाललो, न् पहाटं बघतो तर त्याच बाभळीखाली!"

दादा खोटे बोलत नव्हते. ही गोष्टही काही शास्त्रज्ञांनी करून पाहिली आहे. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी माणसांना अनोळखी रानात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरून आले, चंद्र मावळला, की ती वळू लागली. काही जण गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आले. त्यांना वाटत होते, आपण सरळच चाललो आहोत. डोळे बांधलेली माणसे तर खळ्याएवढ्या जागेतच गोल फिरू लागली. हा शोध २००९ साली छापून आला. तेव्हा चकवा वाटेवर नसतो. खूण दिसेनाशी झाली, की आपले पायच आपल्याला फिरवतात. अशा वेळी चालू नये. बसावे आणि उजाडायची वाट पाहावी.

एक ताई म्हणाल्या, "मला रात्री कुनीतरी छातीवर बसल्यावानी होतं. डोळं उघडं असत्यात, पन हात हालत नाही, तोंडातनं आवाज निघत नाही."

हेही खरे आहे, आणि पुष्कळांना होते. आपण स्वप्न पाहतो तेव्हा शरीर आपले हातपाय सैल करून ठेवते. नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरोखरच उठून पळू. कधी कधी मन आधी जागे होते आणि हातपाय मागाहून. तेवढ्या मधल्या वेळात हलता येत नाही. छाती जड वाटते. स्वप्न अर्धे चालूच असते, म्हणून खोलीत कोणी आहे असे वाटते. थोड्या वेळात ते आपोआप जाते. झोप अपुरी झाली, फार दगदग झाली, की हे जास्त होते.

भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात कुजके लाकूड रात्री हिरवट चमकते. पाहणारा घाबरतो. ती एक प्रकारची बुरशी आहे. पडक्या वाड्यात पांढरे काहीतरी पंखांचा आवाज न करता जाते आणि किंचाळते. ते गव्हाणी घुबड. ते उंदीर खाते, म्हणजे शेतकऱ्याचे मित्रच.

भीती खरी असते. दिसलेलेही कधी कधी खरे असते. पण ते काय आहे, हे जवळ जाऊन पाहायचे असते.

शास्त्राला भूत सापडले का?

आता आजींचा मूळ प्रश्न. शास्त्र भुताला आधार देते का?

शास्त्राच्या माणसांनी भूत शोधलेच नाही असे समजू नका. १८५३ साली फॅरेडे या मोठ्या इंग्रज शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. तेव्हा तिकडे लोक मेजाभोवती बसत आणि मेजावर हात ठेवीत. मेज हलू लागले, की "आत्मा आला" म्हणत. आपल्याकडे प्लँचेटमध्ये वाटी हलते, तसेच ते. फॅरेडे यांनी हाताखाली अशी युक्ती ठेवली, की आधी मेज हलते की आधी हात, हे कळावे. आधी हातच हलत होते! बसलेले लोक लबाडी करीत नव्हते. आपलेच हात ढकलतात हे त्यांना कळत नव्हते.

१८८२ साली लंडनमध्ये खास अशाच गोष्टी तपासण्यासाठी विद्वानांची एक संस्था निघाली. आपल्या केरळात जन्मलेले आणि श्रीलंकेत राहिलेले डॉ. अब्राहम कोवूर यांनी १९६३ साली एक लाख रुपयांचे आव्हान दिले, की फसवणूक होणार नाही अशा अटीत कोणी चमत्कार करून दाखवावा. १९७८ साली ते वारले. तोवर ते पैसे कोणालाही जिंकता आले नाहीत. अमेरिकेत जेम्स रँडी यांनीही असेच बक्षीस ठेवले होते. पुढे ते दहा लाख डॉलरपर्यंत वाढवले. २०१५ साली ते बंद झाले. तेही कोणी नेले नाही.

तेव्हा उत्तर सरळ आहे. शास्त्राने पाहिले, तपासले, बक्षिसे लावली. भुताचा टिकेल असा पुरावा मिळाला नाही. शास्त्राचा भुताला आधार नाही.

कोणी म्हणेल, "पन आमची पोरगी देवऋष्याकडं नेली न् बरी झाली." झाली असेल. पुष्कळ दुखणी आपोआप उतरतात. पण सेमेलवाइस यांच्यासारखे मोजा. बऱ्या झालेल्या मोजता, तशा न झालेल्याही मोजा. त्या मात्र बोलायला येत नाहीत. त्यांची आपण हडळ करून टाकतो.

मग काय करावे?

देवावरच्या भक्तीविषयी मी काही बोलत नाही. दिवा लावा, वारी करा. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तन करीत, आणि त्याच कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून अंधश्रद्धा सोडायला लावीत. भक्ती आणि आजारी माणसाला मारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाळंतपण दवाखान्यातच करा. बाळंतिणीला ताप आला, थंडी वाजली, अंगावरून फार जाऊ लागले, ती बरळू लागली, तर एक तासही घालवू नका. १०८ क्रमांकावर फोन करा. गाडी फुकट येते. ताप नसतानाही एखादी बाळंतीण झोपत नाही, भलतेसलते बोलते, बाळाला दूर लोटते. हाही आजारच आहे, आणि औषधाने बरा होतो. बाळाला आणि तिला एकटे ठेवू नका. दवाखान्यात न्या.

कोणाला फेफरे आले, तर चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. तोंडात काही घालू नका. दाबून धरू नका. एका कुशीवर वळवा. आसपासचे दगड, भांडी बाजूला करा. पाच मिनिटांत थांबले नाही, तर लगेच दवाखाना.

मनाचा आजार असेल, तर १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. त्याला टेली-मानस म्हणतात.

कायदाही समजून घ्या. सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. असा कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात तो कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने बांधणे, छडीने मारणे, मिरचीची धुरी देणे हा आता गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड.

शेवटी एकच

त्या बाईची मुलगी जगली. सहा वर्षांनी ती माझ्याच शाळेत पहिलीच्या वर्गात आली. पोरे तिला "हडळीची पोर" म्हणून चिडवीत. ती कोपऱ्यात एकटी बसे.

एके दिवशी मी पाटी खाली ठेवली. सगळ्या पोरांना जवळ बसवले आणि सांगितले, "हिची आई हडळ नव्हती. तिला ताप आला होता. तिला दवाखान्यात न्यायला पाहिजे होते. आम्ही मोठ्या माणसांनी नेले नाही. मी पण नाही. चूक आमची."

पोरांना किती समजले कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी एक मुलगी तिच्याशेजारी जाऊन बसली.

तेव्हा बोलायला मला सहा वर्षे लागली. तुम्ही एवढा उशीर करू नका. २०१८ ते २०२० या वर्षांच्या सरकारी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात दर एक लाख बाळांच्या जन्मामागे ३३ माता दगावल्या. पूर्वीच्या मानाने हा आकडा फारच कमी आहे. हे स्वच्छ हातांमुळे, औषधांमुळे आणि वेळेवर मिळालेल्या गाडीमुळे झाले. पण त्या ३३ पैकी एकही बाई आपल्या गावची असता कामा नये. कोणाच्या दारात धुरी आणि छडी दिसली, तर दाराशी उभे राहू नका. आत जा आणि म्हणा, "गाडी बोलवा."

प्रश्न

१. मुंजा, समंध आणि हडळ ही नावे कशा माणसांच्या मरणावरून पडली?

२. पाद्रीबाबांची घंटा थांबवून सेमेलवाइस यांनी काय तपासले? त्यातून काय कळले?

३. १८४६ साली शंभर बाळंतिणींमागे किती दगावल्या? १८४८ साली किती?

४. फेफरे आलेल्या माणसासाठी काय करावे आणि काय करू नये, ते घरी वाचून दाखवा.

५. १०८ आणि १४४१६ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून घरातल्या भिंतीवर लावा.

६. तुमच्या गावात कोणत्या जागी भूत आहे असे म्हणतात? तिथे पूर्वी कोण आणि कशाने मेले होते, ते जुन्या माणसांना विचारा आणि चार ओळी लिहा.